एका दात्याचा फरक

स्टेअरिंगचा दांडा वर येऊन जिथे संपतो तिथे त्याला बाहेरून बारीक उभे दाते असतात. स्टेअरिंगच्या मधल्या भोकाला तसेच दाते आतून. दात्यांत दाते बसले की वरून वायसर आणि एक नट, संपलं काम. गंमत अशी की स्टेअरिंग कुठल्याही दात्यावर बसवलं तरी बसतं. नट आवळला जातो, गाडी वळते, हॉर्न वाजतो. फक्त गाडी सरळ चाललेली असताना आऱ्या आडव्या राहत नाहीत, एक बाजू किंचित खाली उतरलेली दिसते. सगळे भाग आहेत, एकही मोडका नाही, एकही उपरा नाही, आणि तरी काहीतरी चुकलेलं आहे. ते चुकलेलं कुठल्या भागात असतं?

पनवेलच्या एका शाळेत संस्कृत शिकवण्यात माझी सगळी नोकरी सरली. मुलांकडून ‘राम’ आणि ‘वन’ची रूपं घोकून घेताना असल्या प्रश्नांना उसंत मिळत नाही. निवृत्त झाल्यावर बाबांच्या फियाटचं स्टेअरिंग दुरुस्तीला काढलं आणि वर्गात नुसती नावं सांगून पुढे ढकललेली तत्त्वज्ञ मंडळी एकेक करून गॅरेजात येऊन बसली.

गाडी १९७० सालची, फियाट अकराशे डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, १०८९ सीसी इंजिन, गिअरची दांडी स्टेअरिंगखालीच. हिच्याच मॉडेलचं नाव पुढे प्रेसिडेंट झालं आणि १९७४ पासून पद्मिनी. त्याच १९७० सालच्या १७ मार्चला सिडको स्थापन झाली, म्हणजे आमची गाडी आणि आमच्या बेलपाड्याच्या जमिनी घेणारी संस्था एकाच वयाच्या. बाबा मशीद बंदरला एका शेठकडे ड्रायव्हर होते. शेठनी मारुती घेतली तेव्हा ही बाबांकडे आली, अर्ध्या किमतीत, आणि ती अर्धी किंमतही पगारातून कापून. गावात गाडी पहिल्यांदा आली त्या दिवशी आईने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला होता.

या गाड्यांच्या स्टेअरिंगला आत लोखंडी कडं असतं आणि वरून कडक प्लॅस्टिकचं आवरण. वर्षानुवर्षं ऊन खाऊन आवरण आकसतं, लोखंड आकसत नाही. मग जिथे आरी कड्याला मिळते तिथे भेग पडते, आणि एक पडली की बाकीच्या वाट बघत असतात. बाबांनी भेगांवर आधी लाल प्लॅस्टिकची वायर गुंडाळली, नंतर रेक्झिनचं कव्हर दोरीने शिवून घेतलं. बाबा गेले, गाडी दारातल्या पत्र्याखाली उभी राहिली, आणि कव्हर सोलायला लागलं.

माझ्या धाकट्या भावाचं म्हणणं, आहे तसं काढून भिंतीवर लावू आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारातून दुसरं आणून बसवू. “ताई, ह्याला पॉलिश पेपर लावलास की ते बाबांचं राहणार नाही. त्यांचा घाम आहे त्याच्यात.” त्याने पुरावाही दाखवला. कड्यावर उजवीकडे, घड्याळात दोन वाजतात त्या जागी, कव्हरवरूनही बोटाला जाणवणारा एक खोलगट भाग होता. बाबांचा तळवा तिथे असायचा. मीही त्या खळग्यात बोट फिरवून बघितलं आणि काही दिवस स्टेअरिंगला हात लावला नाही.

त्या दिवसांत पुस्तकं काढली. रथावरून हा वाद घालणारा सगळ्यांत प्रसिद्ध माणूस म्हणजे भिक्षू नागसेन. ‘मिलिंदपन्ह’ नावाच्या पाली ग्रंथात तो ग्रीक राजा मिनँडरशी, म्हणजे मिलिंदाशी, बोलतो. आपल्याकडे घरोघर मिलिंद सापडतात आणि औरंगाबादच्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी तेच नाव दिलं, पण त्या राजाला सुरुवातीलाच पेचात कसं धरलं होतं हे सहसा कुणी सांगत नाही. भिक्षू विचारतो, महाराज, आलात कशाने? रथाने. मग दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाकं? जू? लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. सगळे मिळून रथ का? तेही नाही. यांच्याखेरीज वेगळं काही रथ आहे का? नाही. मग तुम्ही आलात कशाने! राजाला कबूल करावं लागतं की दांडी, आस, चाकं यांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव चालतं, व्यवहारापुरतं. माणसाचंही तेच, असं नागसेनाला सांगायचं आहे. आत ‘मी’ नावाची वेगळी वस्तू नाही.

सातव्या शतकातल्या चंद्रकीर्तीने ‘मध्यमकावतारा’त याची आणखी चाळण केली. रथ भागांहून वेगळा नाही, भागांशी एकही नाही. भागांचा मालक नाही. भागांत राहत नाही, भाग त्याच्यात राहत नाहीत. नुसता ढीग नाही. आणि शेवटची, सातवी गोष्ट, भागांची रचना किंवा आकार म्हणजेही रथ नाही. ही सातवी गोष्ट मला शिकवतानाही खटकायची. रचना बाद केली तर एका दात्याने चुकलेल्या आणि बरोबर बसलेल्या स्टेअरिंगमध्ये फरक काय उरला?

नैयायिक अगदी उलट टोकाला. त्यांच्या मते भागांत समवायाने राहणारा अवयवी, म्हणजे अख्खी वस्तू, हा खराखुरा वेगळा पदार्थ आहे. ऐकायला बरं वाटतं. पण त्यांचा हिशोब इतका काटेकोर की एक भाग काढला वा घातला की जुना अवयवी नष्ट, नवा उत्पन्न. वस्त्रातला धागा बदलला की ते वस्त्र गेलं, दुसरं जन्मलं. या हिशोबाने आमची फियाट पहिला वायसर बदलला त्याच दिवशी वारली. आपण तिला ‘तीच’ म्हणतो ते दिव्याच्या ज्योतीला तीच ज्योत म्हणतो तसं, सारखेपणामुळे.

या सगळ्यांत व्यवहारी आरटीओ. त्यांच्या लेखी गाडी म्हणजे चासी नंबर आणि इंजिन नंबर. २०२१ च्या जुलैत केंद्राने जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी काढली. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात राखलेली हवी, आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नको. स्टेअरिंगचं नाव त्या यादीत नाही. चंद्रकीर्तीला सात पर्याय तपासावे लागले, सरकारचं तिनांत भागलं.

शेवटी स्टेअरिंग मिस्त्रींकडे गेलं. जुन्या पनवेलमधलं गॅरेज, माणूस साठीचा. मुलगा माझ्या वर्गात होता म्हणून मला ‘बाई’ म्हणतात. त्यांनी ब्लेडने दोरी कापली, रेक्झिन सोललं, लाल वायर उलगडली, आणि तो खळगा उघडा पडला. त्यांनी डोळ्याजवळ धरून बघितला, मग कापलेली दोरी त्याच्यावर आडवी ठेवली. बरोबर बसली. “बाई, ही गाठीची जागा. कव्हरची दोरी इथे आवळून बांधलेली. गाठ फिरून फिरून घासलंय.” म्हणजे आम्ही ज्याला बाबांचा तळवा समजून हळवे झालो होतो तो गाठीचा वळ होता. बाबांचे हात कव्हरवर होते. खालच्या प्लॅस्टिकला ते शेवटची कित्येक वर्षं लागलेच नव्हते. भावाला फोनवर सांगितलं. तो जरा गप्प राहिला आणि म्हणाला, “पण दोरी ओढली कुणी?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

२०२२ साली वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर काढला आणि आतलं मूळ रूप दिसलं, तेव्हाही हाच पेच होता. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी जिला हात जोडले ती शेंदरातली देवी. आतली मूर्ती जास्त जुनी, म्हणून जास्त खरी का? गर्दी तर त्या नवरात्रातही तशीच लोटली.

मिस्त्रींनी मग जे केलं ते बघवत नव्हतं. भेग बुजवायची तर आधी मोठी करावी लागते. हॅक्सॉच्या ब्लेडने त्यांनी प्रत्येक भेग इंग्रजी ‘व्ही’सारखी रुंद केली, थेट लोखंड दिसेपर्यंत. गंज खरवडला. एम-सीलच्या दोन वड्या एकत्र मळून, एकरंग झाल्यावर, अंगठ्याने आत दाबली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि रात्रभर ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी कानस, मग ऐंशीचा पेपर, मग एकशेऐंशी, मग पाण्यात भिजवून चारशे आणि सहाशे. त्यांचं सगळं लक्ष बोटांत. डोळे मिटून कड्यावर बोट फिरवायचे, जिथे अडखळेल तिथे पुन्हा पेपर. शेवटी प्रायमर, मूळचा दुधी रंग, वर लॅकर.

हे बघताना वराहमिहिर आठवला. त्याच्या ‘बृहत्संहिते’त वज्रलेपाची कृतीच आहे. कच्ची टेंभुर्णी, कच्चं कवठ, सावरीची फुलं, सालईचं बी, धामणीची साल आणि वेखंड द्रोणभर पाण्यात उकळून आठवा हिस्सा उरवायचा, मग त्यात राळ, गुग्गुळ, बिब्बा, जवस, बेल वगैरे घोटायचं. गरमागरम लावला की देऊळ, मूर्ती, भिंत, विहीर, काहीही सांधतं आणि कोटी वर्षं टिकतं, असा त्याचा दावा. एम-सीलवाले इतकं म्हणत नाहीत. सहाव्या शतकातला ज्योतिषी देवाच्या अंगाला लावायच्या लुकणाचा पाठ देतो आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही, हे मला फार आवडतं. पंढरपुरात विठोबाचे पाय भक्तांच्या स्पर्शानेच झिजतात, आणि २०२० च्या जूनमध्ये, देऊळ बंद असताना, मूर्तींना एपॉक्सीचा लेप दिला गेला. नंतर आलेल्या वारकऱ्यांपैकी कुणी, हा तोच विठोबा का, असं विचारल्याचं माझ्या कानावर नाही.

ते का विचारत नाहीत, हा खरा प्रश्न. भोळेपणाने म्हणावं तर आमची वारकरी माणसं शेताच्या बांधावरून वीतभर जागेसाठी कोर्टात जाणारी आहेत. मला वाटतं, उत्तर आपल्या पूजाविधीतच आहे, फक्त आपण त्याच्याकडे विचार म्हणून बघत नाही. पेणच्या कारखान्यात गणपतीची मूर्ती सोंडेला धरून रंगवतात, उलटीपालटी करतात, गवतात गुंडाळून टेंपोत टाकतात. घरी आणून प्राणप्रतिष्ठा केली की तिच्याकडे पाठसुद्धा करायची नाही. आणि निरोपाच्या दिवशी उत्तरपूजा करून, अक्षता टाकून, मूर्ती जागेवरून जराशी सरकवतात. त्या सरकवण्यानंतर ती पुन्हा माती. जीर्णोद्धाराचा विधी याचाच थोरला भाऊ. देवळातली मूर्ती दुरुस्त करायची तर आधी तिच्यातलं तत्त्व कलशातल्या पाण्यात उतरवून घेतात. त्याला कलाकर्षण म्हणतात. कलश बाजूला राहतो, तिथे नैवेद्य-दिवा चालू. इकडे पाथरवट निर्धास्तपणे दगडाला छिन्नी लावतो, कारण तो आता दगडच आहे. काम झालं की पुन्हा प्रतिष्ठा.

म्हणजे आपल्या परंपरेने ‘तोच आहे का’ हा प्रश्न वस्तूच्या कणांवर सोडलेलाच नाही. तेच असणं हे उचलून ठेवता येतं, आणि परत बसवता येतं. ज्याला उचलून ठेवता येत नाही त्याला दुरुस्ती करता येणार नाही. त्याची मूर्ती झिजत राहील किंवा भिंतीवर जाईल. माझा भाऊ उत्तरपूजा करायला तयार नव्हता, एवढाच आमच्यातला मतभेद.

इथे माझ्यातली बाई लगेच हात वर करते. मग काय, आपण म्हणू ते तेच? अक्षता टाकून कुर्ल्याच्या भंगारातलं स्टेअरिंगही बाबांचं करता येईल? नागसेन हसेल की हो, नुसतं नावच ठरलं ना शेवटी.

याचं उत्तर बसवण्याच्या दिवशी मिळालं. मिस्त्रींनी आधी बॅटरीची तार काढली, हॉर्नमुळे. मग नुसत्या दांड्यावर स्टेअरिंग टेकवून डावीकडे शेवटपर्यंत नेलं, तिथून उजवीकडे शेवटपर्यंत, फेरे मोजत, आणि मोजलेल्यातले बरोबर निम्मे मागे आणले. खाली वाकून पुढची चाकं सरळ आहेत का ते बघितलं. मग स्टेअरिंग उचललं, आऱ्या आडव्या धरल्या आणि दात्यांवर हलकेच टेकवलं. इंडिकेटर परत आणणारा खटका आपल्या जागी आहे ना, हॉर्नची स्प्रिंग बसली ना, हे बघून नट हातानेच फिरवला. “आता सरळ रस्त्यावर बघू.”

मेट्रोच्या खांबांशेजारून सेंट्रल पार्ककडे निघालो. सकाळची वेळ, रस्ता मोकळा. गाडी सरळ जात होती आणि डावी आरी जराशी खाली होती. मला तर ते दिसलंही नसतं. मिस्त्री म्हणाले, “एक दाता.” बाजूला घेतली, नट काढला, दोन्ही हातांनी स्टेअरिंग हलवत वर ओढलं, एका दात्याने फिरवून पुन्हा दाबलं. पाना लावून आवळला, वायसरचा कान वळवला. आता आऱ्या आडव्या.

चंद्रकीर्ती म्हणेल, रचनाही स्वतंत्रपणे कुठे सापडत नाही. कबूल. पण ती आपल्या मर्जीनेही चालत नाही. प्रतिष्ठा संकल्पाने होते. सेंटर संकल्पाने लागत नाही. ते पुढची दोन चाकं आणि समोरचा रस्ता ठरवतात, आणि मी कितीही अक्षता टाकल्या तरी एका दात्याने चुकलेलं स्टेअरिंग चुकलेलंच दिसतं. मूर्तीलासुद्धा परत बसवताना तेच पीठ, तीच दिशा लागते. तेव्हा ‘तेच’ म्हणायला दोन गोष्टी लागतात, असं मी धरून चालते. कुणीतरी ते तेच म्हणून परत स्वीकारायला हवं, आणि ज्यांच्याशी त्याचा सांधा होता त्यांनी त्याला परत घ्यायला हवं. भंगारातलं स्टेअरिंग कदाचित दात्यांवर नीट बसेल; पण ते शेठच्या घरून आमच्या दारात आलेलं नाही, आणि त्याला बाबांचं म्हणायला आई तयार होणार नाही.

कठोपनिषदातल्या रथात आत्मा रथात बसलेला, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे. सुंदर रूपक, पण त्या रथाचं कधी काही मोडत नाही. मला ऋग्वेदातले ऋभू जास्त जवळचे. तिघं भाऊ, जातीचे कारागीर. त्यांनी अश्विनांचा रथ घडवला, आणि आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांना पुन्हा तरुण केलं. या हातांच्या कौशल्यावरच त्यांना अमरत्व मिळालं. रथ घडवणाऱ्यांच्याच नावावर म्हातारपण दुरुस्त करणं जमा व्हावं, यात त्या कवींना काहीतरी दिसलं असणार. आणि ते आईवडील तेच राहिले का, असं कुणी विचारलेलं नाही.

बेलपाड्याचंही हेच चालू आहे. कुलाबा जिल्ह्याचा १९८१ मध्ये रायगड झाला, २०१६ मध्ये पनवेल महापालिका आली. भाताची खाचरं सेक्टर झाली. त्या जमिनींच्या आंदोलनात १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान फाटा आणि नवघर इथे पाच जणांचा जीव गेला आणि पुढे साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना आली. १७ नोव्हेंबर २०२३ ला मेट्रो सुरू झाली तेव्हा अकरांतल्या एका स्थानकावर आमच्या गावाचं नाव लागलं. नाव लागलं म्हणजे गाव बसलं, असं मी म्हणणार नाही. इथे मला एक-दोन दाते चुकलेले दिसतात, आणि ते बघायला खाली कुणी वाकलेलं नाही.

भाऊ येऊन गाडी बघून गेला. स्टेअरिंग धरून बराच वेळ बसला आणि “हाताला गुळगुळीत लागतं” एवढंच म्हणाला. ही तक्रार होती की पावती, ते कळलं नाही. आता त्याच्या डोक्यात जुन्या गाडीची ती खास नोंदणी आहे. वीस हजार रुपये भरायचे, नोंदणी दहा वर्षं चालते. फॉर्मवर मूळ रूपाबद्दल सही करायला मी तयार आहे, त्याची मला लाज नाही. अडचण वेगळीच निघाली. त्या नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शनाला न्या, रॅलीला न्या, पेट्रोल भरायला न्या, बस. आईला हे वाचून दाखवलं. तिने विचारलं, “कार्ल्याला नेता येल का, एकवीरेला?” मी म्हटलं, बहुतेक नाही. “मंग कशाला पायजे?”

तेव्हा फॉर्म कपाटात आहे. साध्या नोंदणीचं पाच वर्षांचं नूतनीकरण करून घेतलं, आणि चैत्रात जुन्या रस्त्याने, खंडाळ्याचा घाट चढून, कार्ल्याला जायचं ठरलं आहे. भावाची अट एकच, जाताना तो चालवणार. येताना मी.